बाबांची पत, आईचा ओव्हन आणि सहा जोड मोजे

आमच्या ओव्हनचं दार बंद राहायचं ते बाबांच्या पाठीमुळे. त्याची बिजागरी केव्हाच तुटली होती. झाडूचा दांडा, वीट, जुनी इस्त्री असे सगळे उमेदवार एकेक करून नापास झाले आणि हे पद बाबांकडे आलं. आईचे स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे मऊ पाव, भाजायला गेले की बाबा खुर्ची आणून तिची पाठ ओव्हनच्या दाराला टेकवत, तिच्यावर रेलून बसत आणि मांडीवर पेपर घेऊन तपासत. उबेत माणूस मऊ होतो, त्यामुळे स्कोनच्या दिवशी तपासलेल्या पेपरांना जास्त मार्क मिळतात असा आमच्या वर्गात पक्का समज आहे. मी त्याच वर्गात आहे आणि मला आजवर अर्धा मार्कही जास्त मिळालेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

तर बाबा शिक्षक आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमानी गावच्या आमच्या शाळेत ते अर्थशास्त्र शिकवतात. सगळं गाव त्यांना टिशाला म्हणतं, म्हणजे गुरुजी. खाटीकसुद्धा हाडं देताना 'टिशाला' म्हणतो आणि मग चरबी जास्त घालतो. मी याम्केला, अकरावीत. फेब्रुवारीत वादविवाद स्पर्धेत मी मुलांच्या शाळेला हरवलं. तेव्हापासून मी गप्प बसले नाही असं आई म्हणते. त्याआधी मी गप्प होते हे तिच्या लक्षात आलं होतं, याचाच मला आनंद आहे.

मोठ्या रस्त्यावर ऊम गिडिअनचं, म्हणजे गिडिअनकाकाचं, जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे एका बंद पडलेल्या बेकरीचा दोन मजली गॅसचा ओव्हन येऊन पडला होता. इतर बायका नवरीच्या झग्यापुढे थांबतात तशी आई त्याच्या काचेपुढे थांबायची. डिसेंबरात आमच्याकडे प्रत्येक शनिवारी कुणाच्या तरी अंगणात तंबू असतो. वयात आलेली मुलं डोंगरात सुंतेचा विधी करून पुरुष होऊन परततात, लग्नं लागतात, आणि या सगळ्यांना हजारोंनी स्कोन लागतात. त्यात चर्चच्या बायकांच्या मोठ्या मेळाव्याचे स्कोन आईने आधीच कबूल करून ठेवले होते. बाबांच्या एका पाठीवर ते निघणं शक्य नव्हतं.

मार्च महिन्यात आई-बाबा सजूनधजून ऊम गिडिअनकडे गेले आणि मी सल्लागार म्हणून गेले. हप्त्यांवर द्यायला ऊम गिडिअन तयार होता. त्याने बाबांचा ओळख क्रमांक संगणकात घातला, पडद्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मग आईला दिसू नये अशा बेताने पडदा हळूच बाबांकडे वळवला. आईला अर्थातच दिसला. क्रेडिट स्कोअर चारशे ब्याण्णव. वित्त कंपनीला किमान सहाशे हवे होते.

कारण थोडक्यात सांगते. माझा भाऊ लुबाबालो डोंगरातून परतला तेव्हा त्याच्या स्वागताला एक बैल ठरला होता आणि पाहुणे दोन बैलांचे आले. दुसऱ्या बैलासाठी बाबांनी पगार होईपर्यंतचं झटपट कर्ज घेतलं. ते फेडायला दुसरं घेतलं, आणि दुसरं फेडायला तिसरं. पुढे सगळं फेडूनही झालं. पण कुठल्याशा यंत्राच्या पोटात ते जसंच्या तसं बसून होतं. माणसं दुसरा बैल केव्हाच विसरली होती, यंत्र विसरलं नव्हतं.

ऊम गिडिअन बिचारा भला माणूस. सप्टेंबर अखेरपर्यंत ओव्हन राखून ठेवतो म्हणाला, नंतर मथाथा शहरातला एक बेकरीवाला न्यायला येणार होता, तोही रोख देऊन. घरी येताना बाबांनी आम्हाला समजावलं की स्कोअर ही केवळ सांख्यिकी आहे आणि चारशे ब्याण्णव हा आकडा मुळात वाईट नाही. आईने विचारलं की तुमच्या वर्गात कुणाला हजारात चारशे ब्याण्णव पडले तर तुम्ही काय लिहिता. यावर बाबा टॅक्सीला हात करू लागले. घर समोर दिसत होतं.

आता सियाखुलाबद्दल सांगायला हवं. सियाखुला ही आईची भिशी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी भरते. भिशी म्हटल्यावर कुणाला चहा आणि गप्पा आठवत असतील तर त्यांनी आमच्याकडे येऊ नये. आधी प्रार्थना, मग गाणं, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग गैरहजरांच्या दिलगिऱ्या, मग उशिरा आलेल्यांना दंड. अध्यक्ष मामपिंगा, म्हणजे पिंगांच्या कुळातली लेक; आमच्याकडे बायकांना माहेरच्या कुळानेच हाक मारतात. आई त्याच न्यायाने माटोलो. मामपिंगा सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, पण हे त्यांच्या आवाजाला कुणी कळवलेलं नाही. आणि अक्षर चांगलं म्हणून चिटणीस मी.

एप्रिलची सभा आमच्या घरी होती. 'ऐन वेळचे विषय' आले तेव्हा मी हात वर केला आणि उभी राहून बाबांचा स्कोअर सभेपुढे मांडला. आईने माझ्याकडे असं बघितलं की माझं आयुष्य तिथेच संपायला हरकत नव्हती. पण मी स्पर्धेत शिकले होते की एकदा उभं राहिलं की वाक्य पुरं करायचं. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे होतं आणि बाबा सगळं ऐकत होते. त्यांना उठून येणं शक्य नव्हतं. ओव्हनमध्ये ताटली होती. बाबा उठले असते तर स्कोन बसले असते.

सभेने विषय अत्यंत गांभीर्याने घेतला. एकीचं म्हणणं पडलं की सगळी बँक खाती बंद करावीत, म्हणजे यंत्राला बघायला काही उरणारच नाही. दुसरीच्या जावयाने रोज सकाळी स्कोअर तपासला होता आणि लाजेने तो आपोआप वाढला होता. मामपिंगांनी सगळ्यांना गप्प करून ठराव मांडला, की यापुढे प्रत्येक सभेत प्रार्थनेनंतर आणि जमाखर्चाआधी 'टिशालांचा आकडा' हा विषय राहील. अनुमोदन एकाच वेळी चौघींनी दिलं.

"माझी हरकत आहे," आतून बाबा म्हणाले.

"हरकत सभासदांना घेता येते, टिशाला," मामपिंगा म्हणाल्या. "तुम्ही सभासद नाही. स्कोन बघा."

कामाचा सल्ला दिला तो सिसी नोलुंदीने. सिसी म्हणजे ताई; ती गावातल्या कपड्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या विभागात असते. ती म्हणाली, दुकानात उधारीचं खातं उघडायचं, अगदी छोटं. मोजे घ्यायचे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला हप्ता भरायचा, उशिरा नाही आणि सगळा एकदमही नाही. मोजे पायात आणि हप्ता वेळेवर, असं काही महिने यंत्राला दिसलं की त्याचा राग जातो. मोजेच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कोट घेतला तर माणसाला पँटही घ्यावीशी वाटते. मोज्यांपुढे काही घ्यावंसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं कुंपणावरून टाटा फेझिलेंपर्यंत पोहोचलं. टाटा फेझिले आमचे शेजारी; टाटा म्हणजे बाबा, पण कुठल्याही वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात. रेल्वेतून निवृत्त, आणि कुणाचा एक सेंटही कधी देणं लागले नाहीत, हे ते दर भेटीत सांगतात. त्यांनी बाबांना कुंपणापलीकडून बराच वेळ उपदेश केला आणि मग माझ्यापुढे फोन धरला, म्हणाले, "पोरी, माझा काढ. एकदा बघू दे तुझ्या बाबांना स्वच्छ माणसाचा आकडा."

मी काढला. त्यांच्या नावे नोंदच नव्हती. पुन्हा काढला, तरी नाही. कधी काही घेतलंच नव्हतं, त्यामुळे यंत्राच्या लेखी ते अजून जन्मले नव्हते. टाटा फेझिलेंनी चष्म्याखालून, चष्म्यावरून आणि चष्म्याशिवाय बघितलं. शेवटी त्यांनी विचारलं की मी आहे हे यांना कळवायचं तर काय करावं लागतं. मी म्हटलं, उधारी. त्यानंतर काही दिवस ते कुंपणापाशी दिसले नाहीत. बाबा मात्र त्या आठवड्यात फार आनंदात होते. आकडा वाईट असला तरी निदान होता.

बाबा दुकानात एकटेच गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, मोजे विकत घेण्याइतका मी अजून समर्थ आहे. परतले ते शीळ घालत. मोजे कुठायत, असं आईने विचारलं, तर व्यवहार मार्गी लागलाय एवढंच सांगितलं. पुढे दर महिन्याला, पगाराच्या दिवशी, बाबा टाय नीट करून दुकानात जायचे आणि हप्ता भरून शीळ घालत यायचे.

मेच्या सभेत मी आकडा वाचला: चारशे ब्याण्णव. बायका म्हणाल्या, लवकर आहे. जूनच्या सभेतही चारशे ब्याण्णव. आता कुजबुज सुरू झाली. एकीला वाटलं, टिशाला रेशमी मोजे घेत असतील. दुसरीच्या मते आपली सुरुवातीची प्रार्थना फार आखूड होती. ती लांबवण्यात आली, आणि त्यामुळे जुलैच्या सभेत आम्ही आकड्यापर्यंत पोहोचलो तेव्हा ओव्हनमधली पहिली ताटली उतरून दुसरी गेली होती. चारशे नव्वद. प्रार्थना लांबवूनही आकडा दोनने घसरला होता.

नेमक्या त्याच वेळी सिसी नोलुंदी दंड भरत आत आली. तिच्या हातात दुकानाची पिशवी होती. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "टिशाला, तुमचे पैसे पुरे झालेत, मग वस्तू का नेत नाही? खालच्या मजल्यावरून माझ्याबरोबर पाठवलीये." पिशवीत सहा जोड मोजे होते. वर चिठ्ठी चिकटवली होती: ले-बाय, पूर्ण भरणा.

आता ले-बाय आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शाळेचे गणवेश, ब्लँकेटं, नाताळचे बूट, सगळं आम्ही ले-बायने घेतो. वस्तू दुकानात बाजूला काढून ठेवायची, हप्त्या-हप्त्याने पैसे भरायचे, आणि सगळे फिटले की वस्तू घरी न्यायची. यात उधारी नसतेच. असलीच तर उलटी असते. पैसे आपले आणि वस्तू त्यांच्याकडे.

मग भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, वर्गात ते मागणी-पुरवठ्याचा आलेख समजावतात तसा शांत. ते म्हणाले की दुकानातल्या पैसे भरायच्या खिडकीवर आयाबुलेला होता. आयाबुलेलाला बाबांनी अर्थशास्त्रात दोनदा नापास केलेलं आहे. बाबांच्या मागे रांग होती. आयाबुलेलाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, सर, खातं की ले-बाय? खातं असेल तर तुमचा स्कोअर बघावा लागेल. तेव्हा बाबा म्हणाले, ले-बाय. आणि घरी येताना त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली की शेवटी नियमित भरणा तो नियमित भरणा.

"म्हणजे बाबा," मी म्हटलं, कारण कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, "तीन महिने तुम्ही दुकानाला कर्ज देत होतात."

मामपिंगांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले. एवढं पाहून बाकीच्यांनी सोडूनच दिलं. कुणी सोफ्यावर आडव्या झाल्या, कुणी माझ्या गळ्यात पडल्या. आई आधी दातांनी ओठ धरून बसली होती, मग तीही हसत सुटली. बाबांना हे सहन झालं नाही. ते उठले, ताठ मानेने मागच्या दाराने निघाले, आणि त्यांच्यामागे ओव्हनचं दार धाडकन आडवं झालं. दुसरी ताटली सपाट झाली. बायकांनी ते स्कोन जॅम लावून चवीने खाल्ले आणि या महिन्यातले सर्वांत चांगले म्हणाल्या.

रविवारी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी पहिला तास त्यांचाच होता. 'कर्ज आणि अंदाजपत्रक' या धड्यावर ते आले, थांबले, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तिच्यावर पाय ठेवला आणि पँट घोट्यावर उचलली. करडे मोजे, कडेला लाल रेघ.

"हे ले-बायचे," ते म्हणाले. "यात कुणी कुणाला उसने दिले?"

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, कारण सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते. पण मला एकदम फार अभिमान वाटला. का ते मला नीट सांगता येत नाही. त्या वेळच्या चाचणीत त्या प्रश्नाचं उत्तर एकाचंही चुकलं नाही.

त्याच संध्याकाळी बाबा मला बरोबर घेऊन आयाबुलेलाच्या खिडकीवर गेले. रांग होतीच. बाबा रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, "खातं. मोज्यांसाठी. स्कोअर चारशे नव्वद आहे, बघून घे."

आयाबुलेलाने बघितलं. "सर, मर्यादा तीनशे रँड," तो म्हणाला, आणि मग हळूच, "काठावर पास."

"तुझ्यापेक्षा बरा," बाबा म्हणाले. दोघेही हसले. आम्ही वळलो तर रांगेत शेवटी टाटा फेझिले उभे होते, टोपी डोळ्यांवर ओढून. आम्ही त्यांना ओळखलं नाही असं दाखवलं.

ऑगस्टच्या सभेत मी आकडा वाचला: पाचशे एकवीस. पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. पण यंत्राचं म्हणणं आता सविस्तर कळलं होतं. तिसऱ्या झटपट कर्जाची कंपनी अजूनही ते थकीत दाखवत होती. ते निघालं नाही तर सप्टेंबरअखेर सहाशे होणं अशक्य होतं. कंपनीच्या गावातल्या कार्यालयात आता वेण्या घालून मिळत होत्या. उरला फोन. बाबांनी तीन वेळा केला होता. तिकडचा मुलगा दर वेळी समोरचा कागद वाचून दाखवायचा, की आपले खाते थकीत आहे, आपण कायदेशीर कारवाईस पात्र आहात. आणि मग संगीत लावून निघून जायचा. तिसऱ्या वेळी संगीत इतकं लांबलं की स्कोन करपले. बाबा म्हणाले, मी त्याला 'तुम्ही' म्हणतो आणि तो मला 'प्रकरण' म्हणतो.

मामपिंगांनी हात पुढे केला. फोन त्यांच्याकडे गेला आणि टेबलावर मधोमध आला, आवाज मोठा करून. बराच वेळ संगीत वाजल्यावर तो मुलगा आला आणि ओळख क्रमांक विचारू लागला.

"ते नंतर," मामपिंगा म्हणाल्या. "आधी तू कोण ते सांग."

"मॅडम, आम्हाला नाव सांगायची परवानगी नाही."

"नाव कुणी विचारलं? कुळ विचारते आहे."

त्याच्यामागे इतर अनेक जण आपापले कागद वाचत होते ते ऐकू येत होतं. हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्याला उत्तर न देणं जमत नाही, फोनवर असला तरी. आवाज खाली आणून तो म्हणाला, "भेले."

मामपिंगांनी छताकडे बघून डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आतून, ओव्हनच्या दाराला पाठ लावूनच, बाबांनी हाक दिली:

"खुबोनी. डुंजाने."

एका भेलेने दुसऱ्याला म्हणायची ही पूर्वजांची नावं. फोनमधून तीच नावं परत आली, आणि मग तो मुलगा चाचरत म्हणाला, "हे कोण बोललं?"

"तुझे बाबा," मामपिंगा म्हणाल्या. "ज्यांना तू प्रकरण म्हणतोस ते."

आमच्याकडे एका कुळाचे म्हणजे एका घरचे. त्यांच्यात लग्नसुद्धा होत नाही. मुलगा एकदम 'टाटा, टाटा' करू लागला. त्सोमोकडचा निघाला. मग त्याची आई कशी आहे, आजोबा कोण, घरामागचा तो झरा अजून वाहतो का, हे सगळं झालं. आईचं आजोळ तिकडचंच, त्यामुळे तिलाही मधे बोलावं लागलं. कर्जाचा विषय निघेपर्यंत आल्याच्या बियरचा दुसरा जग संपला होता. आणि मग त्याने समोरचा कागद बाजूला ठेवून खरंच आत बघितलं. की दाबल्याचे आवाज येत राहिले.

"टाटा," तो म्हणाला, "पैसे आलेत तुमचे. कधीच आलेत. कंपनीचं नाव बदललं तेव्हा जुन्या नावावर राहून गेले. आमच्याच घरात पाहुण्यांच्या खोलीत बसून आहेत, कुणी विचारलंच नाही त्यांना." पावती पाठवा, मी स्वतः लावून घेतो, असं म्हणाला. बाबांकडे पहिल्या सायकलीपासूनच्या पावत्या आहेत. निरोप घेताना त्याने जरा घाईने सांगितलं, की हे नियमातच आहे, मी कुणासाठीही केलं असतं.

"केलं असतंस, बाळा," मामपिंगा म्हणाल्या. "बघितलं नसतंस."

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ऊम गिडिअनचं दुकान दुपारी एकला बंद होणार होतं आणि मथाथाचा बेकरीवाला गाडी घेऊन गावात आल्याची बातमी सकाळीच पोहोचली. सभा लवकर बोलावली. दंड टाळण्यासाठी सगळ्या वेळेआधीच आल्या, आणि आपण तयार नसल्याबद्दल आईलाच दंड झाला. मी फोन काढला आणि त्याच क्षणी वीज गेली. लोडशेडिंग झालं की आमच्या गल्लीत फोनही मान टाकतो. थोडासा जीव राहतो तो फक्त टाटा फेझिलेंच्या पाण्याच्या टाकीजवळ. अख्खी सियाखुला कुंपणाकडे निघाली. प्रार्थनेशिवाय आकडा वाचता येणार नाही अशी मामपिंगांची अट होती, म्हणून प्रार्थना चालता चालता झाली. टाटा फेझिलेंनी शिडी धरली आणि मी टाकीवर चढले. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. खाली आई दोन्ही हात गालांवर ठेवून उभी होती. बाबा मोज्यांकडे बघत होते.

"सहाशे," मी वाचलं, "...चार."

जी किलकारी उठली ती पुढच्या चौकात ऐकू गेली म्हणतात. बाबांनी आईला उचलायचा प्रयत्न केला, आणि बराच यशस्वीही झाला. मग सगळ्या बायका सिसी नोलुंदीच्या नवऱ्याच्या टॅक्सीत कोंबल्या गेल्या आणि गात गात ऊम गिडिअनच्या दारात उतरल्या. आत मथाथाचा बेकरीवाला टेप लावून ओव्हन मोजत होता.

ऊम गिडिअनने हात पसरले. वीज नव्हती, संगणक बंद, आणि वित्त कंपनीची मंजुरी पडद्यावर आल्याशिवाय त्याला काही करता येईना. माझा फोन त्याच्या उपयोगाचा नव्हता. समोर रोख घेऊन उभा माणूस, आणि एक वाजायला आला होता. बाबांनी घसा साफ केला. काय बोलणार होते ते कळलं नाही, कारण मामपिंगा विक्रीला ठेवलेल्या एका सोफ्यावर जाऊन बसल्या. मग बाकीच्या बसल्या. जिला सोफा मिळाला नाही ती पलंगावर बसली.

"आम्ही थांबतो," मामपिंगा म्हणाल्या. "गिडिअन, गिऱ्हाईक आत असताना दुकान बंद करता येत नाही ना?"

आणि त्यांनी भजन धरलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत रस्त्यावरची माणसं दारात जमली. तिसऱ्या कडव्यात खर्जाचा आवाज कमी पडतोय असं सगळ्यांनाच जाणवत होतं. मथाथाचा बेकरीवाला जरा वेळ टेप गुंडाळत, उलगडत उभा राहिला. मग राहवेना त्याला, त्याने खर्ज लावला. असा खर्ज मी आमच्या चर्चमध्येही ऐकलेला नाही. वीज आली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही, पंखा फिरायला लागला तेव्हा कळलं. ऊम गिडिअनने डोळे पुसत क्रमांक घातला. पडदा या वेळी त्याने पूर्ण वळवला, आईकडे. मंजूर.

ओव्हन उचलायला पहिला हात बेकरीवाल्याने लावला. म्हणाला, ज्या ओव्हनसाठी इतकी माणसं गातात तो मी नेला तर माझा पाव फुगणार नाही. त्याचं गाणं फार आवडल्यामुळे मामपिंगांनी डिसेंबरच्या मेळाव्याला त्याला बोलावून ठेवलं.

ओव्हन आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. चौकट काढावी लागली, आणि चौकटीबरोबर भिंतीचाही थोडा भाग आला. टाटा फेझिले कुंपणावरून सूचना देत होते आणि मधूनच फोनकडे बघत होते. शेवटी त्यांनी तो माझ्यापुढे धरला. उधारीवर घेतलेल्या मोज्यांच्या एकाच जोडाने त्यांना जन्माला घातलं होतं: सहाशे एकेचाळीस. मी तो आकडा मोठ्याने वाचला. बाबांनी ओव्हनचं आपल्या बाजूचं टोक खाली ठेवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले की स्कोअर ही केवळ सांख्यिकी आहे.

रविवारी आईने पहिली ताटली आत सरकवली. नव्या ओव्हनचं दार बोटाने ढकललं की खट्ट करून बंद होतं, आणि उघडायला दांडी ओढावी लागते. आई तिथेच उभी राहून काचेतून आत बघत होती, दुकानाबाहेरून बघायची तशी. बाबा पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. जुन्या ओव्हनच्या जागी जाऊन थांबले, मग टेबलाशी बसून बघितलं, मग खिडकीशी. मग खुर्ची उचलून आणली, नव्या ओव्हनच्या दाराला टेकवली आणि रेलून बसले. पाय लांब केले. करडे मोजे, लाल रेघ.

"भेले," आई म्हणाली, "ते बंद आहे. आपलं आपण राहतं."

"माहीत आहे, माटोलो," बाबा लाल पेन उघडत म्हणाले. "पण हप्ते सुरू आहेत. फिटेपर्यंत मी इथून हललो तर बरं दिसणार नाही."

वरचा गठ्ठा माझ्या वर्गाचा होता. मी लगेच आणखी एक ताटली लावायला घेतली.